हात खाली घेता आला पाहिजे

या सदराकडे एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी नववीत शिकते. दीड वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. रेंजवर सरावात गुण चांगले येतात, पण स्पर्धेत हात कापतो, गुण घसरतात आणि घरी आल्यावर ती दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "तिचे अब्बा म्हणतात, येत्या जिल्हा स्पर्धेत काही झालं नाही तर बंद करू, दहावी तोंडावर आली आहे. टीचर, तयारीत नेमकं काय कमी पडतंय?"

हा प्रश्न आता एकाच घरातला राहिलेला नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणले. तेव्हापासून पालकसभेत अभ्यासाबरोबर नेमबाजीचीही चौकशी होऊ लागली आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना शालेय स्पर्धांना घेऊन जाण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. मी प्रशिक्षक नाही. पण रेंजच्या मागच्या बाकावर बसून जे पाहिले आणि प्रशिक्षकांना विचारून जे समजून घेतले, ते या महिन्यात मांडते.

हात हलणारच

आधी हा खेळ कसा असतो ते पाहू. मुलगी १० मीटरवर उभी राहते. पिस्तूल एकाच हाताने धरायचे, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. पिस्तुलाचे वजन सुमारे १ किलो असते. समोरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. लांब केलेल्या हाताच्या टोकाला किलोभर वजन, त्यात श्वास चालू, नाडी चालू. अशा वेळी हात हलणारच. जगज्जेत्याचाही हलतो, फक्त कमी हलतो.

मुलांचे पहिले दु:ख इथेच असते. हात थांबत नाही म्हणून ती घाबरतात, आणि क्षणभर नेम बरोबर दिसला की घाईने चाप ओढतात. त्या झटक्याने मनगट वाकते. खरे नुकसान इथे होते, आणि त्याचे कारण साध्या भूमितीत आहे.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला पुढची साइट असते आणि मागे एक खाच असते. दोघींमध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर. पुढची साइट खाचेच्या बरोबर मध्ये आणि वरच्या रेषेत दिसली पाहिजे. ही जुळणी १ मिलिमीटरने बिघडली, तर १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो आणि दहाच्या जागी सहा किंवा सात गुण मिळतात. उलट जुळणी तशीच राहिली आणि अख्खा हात १ मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर छर्राही तेवढाच सरकतो, दहा गुण जात नाहीत. दहावीच्या भूमितीत समरूप त्रिकोण शिकवताना मी हेच उदाहरण देते.

म्हणून प्रशिक्षक सांगतात, नजर निशाणावर ठेवू नका, पुढच्या साइटवर ठेवा. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते. साइट स्वच्छ दिसली पाहिजे, निशाण धूसर दिसले तरी चालेल. हात हलत असू द्या, साइटची जुळणी सांभाळा आणि चाप हळूहळू, एकसारख्या दाबाने मागे घ्या. छर्रा नेमका कोणत्या क्षणी सुटला हे मुलीला थोडे अनपेक्षित वाटले, तर समजा चाप बरोबर ओढला.

न मारलेला छर्रा

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येऊ. या प्रकाराच्या मुख्य फेरीत ६० छर्रे मारायचे असतात आणि त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. त्याआधी तयारी आणि सरावाच्या छर्ऱ्यांसाठी १५ मिनिटे वेगळी असतात. हिशेब करा, एका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. हात वर नेऊन, श्वास सोडून, स्थिर होऊन चाप ओढायला काही सेकंदच लागतात. बाकीचा वेळ कशासाठी आहे?

तो वेळ हात खाली घेण्यासाठी आहे. हात वर गेल्यानंतर सहा ते आठ सेकंदांत सगळे जुळले तर छर्रा मारायचा. नाही जुळले तर चाप सोडायचा, हात खाली टेकवायचा, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. यात एकही गुण जात नाही. दहा सेकंदांच्या पुढे मात्र स्नायू थकतात, रोखलेल्या श्वासाने नजर फिकी पडते आणि मनात 'आता मारून टाक' असा धक्का बसतो. त्या धक्क्यात मारलेला छर्रा सहा-सातावर जातो.

ऐकायला हे सोपे वाटते. सरावात मुले ते करतातही. स्पर्धेत मात्र शेजारची मुलगी भराभर मारत असते, मागे अम्मी-अब्बा बसलेले असतात, समोरच्या पडद्यावर मागचा सात दिसत असतो. अशा वेळी वर गेलेला हात रिकामा खाली आणणे मुलांना हार मानल्यासारखे वाटते. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले स्पर्धेत इथेच गुण घालवतात. नेम त्यांना येत असतो, पण थांबणे त्यांच्या सरावात कधी आलेले नसते.

म्हणून त्याचाही सराव करावा लागतो. एका प्रशिक्षकांची पद्धत मला फार आवडली. ते मुलांना सांगतात, दर पाच वेळा हात वर न्याल त्यातल्या एकदा, सगळे छान जुळलेले असले तरी, चापाला न लावता हात खाली घ्यायचा. हळूहळू हात खाली घेणे हीसुद्धा खेळातलीच एक कृती होऊन जाते, तिची लाज वाटत नाही. आणखी एक गोष्ट ते करून घेतात. सरावाच्या वहीत मुलांनी गुणांच्या आधी लिहायचे, आज कितीदा हात खाली घेतला आणि कितीदा घ्यायला हवा होता पण घेतला नाही.

घरातली वीस मिनिटे

अनेक पालकांना वाटते की तयारी म्हणजे रेंजवर जाऊन शेकडो छर्रे उडवणे. तसे नाही. चांगल्या नेमबाजाच्या तयारीचा मोठा भाग बिनछर्ऱ्याचा असतो. त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांमध्ये हवा न सोडता चापाचा खटका तेवढा पडेल अशी सोय असते. समोर कोरी पांढरी भिंत घ्यायची. निशाण नसल्यामुळे डोळा आपोआप साइटवर राहतो. हात वर, साइटची जुळणी, चाप, खटका. खटका पडताना पुढची साइट हलली का, एवढेच पाहायचे. हलली तर बोट मनगटाला ओढते आहे.

रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. फजरनंतरची वेळ चांगली, घर शांत असते. रमजानमध्ये हीच वीस मिनिटे सहरीनंतर ठेवता येतात, वजनाचे व्यायाम ईदनंतर. पिस्तूल स्वत:चे नसेल तर पाण्याची बाटली हातात घेऊन हात धरून ठेवण्याचा व्यायाम करता येतो. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून हळूहळू एक लिटरपर्यंत जायचे. खांदा दुखला तर थांबायचे.

उभे राहण्याची जागाही याच वेळात ठरवता येते. डोळे मिटून हात वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. पिस्तूल निशाणाच्या डावीकडे गेले असेल तर मनगट वळवून ते ओढून आणायचे नाही, पाय किंचित हलवायचे. मनगटाने आणलेला नेम थकव्याबरोबर परत सरकतो, पायाने आणलेला टिकतो.

पॅरिसमधला तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे यूसुफ दिकेच साधा टी-शर्ट आणि रोजचा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून नेम धरून उभे आहेत. मिश्र दुहेरीत त्यांनी शेव्वल इलायदा तरहान हिच्यासोबत रौप्यपदक घेतले. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्य मिळाले. लोक म्हणाले, बघा, काही तयारी न करता आला आणि जिंकून गेला! पण मोकळा हात खिशात ठेवणे ही पिस्तुलातली नेहमीची रीत आहे, त्याने शरीराचा तोल स्थिर राहतो. आणि ती त्यांची पाचवी ऑलिम्पिक स्पर्धा होती. फोटोत दिसला तो निवांतपणा वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेला होता.

सुरक्षेची शिस्त नेमाच्या आधी

हा भाग मुलांच्या आधी पालकांनी वाचावा. एअर पिस्तूल खेळणे नाही. त्याचा छर्रा डोळा घालवू शकतो. गमतीतही कोणाच्या दिशेने शस्त्र रोखू नये ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही, ती इथे तंतोतंत पाळायची. पिस्तुलाचे तोंड नेहमी निशाणाकडे किंवा सांगितलेल्या सुरक्षित दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. घरी ड्राय प्रॅक्टिस करताना छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, भिंतीपलीकडे कोणी नाही याची खात्री, आणि मोठे माणूस जवळ. सराव संपला की पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मोठ्यांकडे. धाकट्या भावाला किंवा पाहुण्यांच्या मुलांना "फक्त धरून बघ" म्हणून द्यायचे नाही. फोटोसाठी तर नाहीच.

छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. छर्रे तोंडात धरण्याची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी.

घाईच्या खेळात निर्णय आधी

पिस्तुलाच्या सगळ्या प्रकारांत थांबायला वेळ मिळतोच असे नाही. राही सरनोबतच्या २५ मीटर प्रकारात छर्रे नसतात, तर .२२ च्या गोळ्या असतात, आणि दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गोळीला फक्त ३ सेकंद मिळतात. हात ४५ अंशांत खाली, हिरवा दिवा लागला की वर, एक गोळी, परत खाली, ७ सेकंद थांबून पुन्हा तेच.

जगात प्रॅक्टिकल शूटिंग नावाचा आणखी वेगवान प्रकार आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग हे तिचे ब्रीद. यात खेळाडू कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, चालत-पळत जागा बदलतो आणि अनेक निशाणे टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. नुसता अचूक असून भागत नाही, नुसता वेगवान असूनही नाही.

या खेळाची तयारी आपल्या मुलांनाही काही शिकवते. आपली पाळी येण्याआधी खेळाडू रिकाम्या हाताने मैदानात फिरून येतात. कुठे उभे राहायचे, कोणते निशाण आधी, पिस्तूल कुठे पुन्हा भरायचे, हे मनात पाठ करतात. डोळे मिटून तेच पुन:पुन्हा करून पाहतात. घंटी वाजल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवलेला असतो. पळताना बोट चापावर राहिले किंवा पिस्तुलाचे तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळले, तर खेळाडू तिथेच स्पर्धेबाहेर. कितीही मोठा असो, त्याला दुसरी संधी नाही.

आपल्या मुलीनेही स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी असेच करावे. शांत बसून मनातल्या मनात दहा छर्रे मारावेत. त्यातल्या दोनदा हात खाली घ्यावा. एक छर्रा वाईट गेला असे धरून पुढचा कसा मारणार तेही पाहावे.

स्पर्धेचा दिवस

नवे काहीही स्पर्धेच्या दिवशी नको. नवे बूट नको, नवा चष्मा नको, नवा नाश्ता नको. पिस्तुलासाठी घोट्याच्या वर जाणारे बूट चालत नाहीत, हे अनेकांना तपासणीच्या टेबलावर कळते. ओढणी किंवा स्कार्फ घेऊन खेळायला अडचण नाही, इराणच्या नेमबाज मुली ऑलिम्पिकमध्ये तशाच उतरतात. फक्त टोक मोकळे सुटू नये, पिन लावलेली असावी आणि सरावातही तोच पेहराव असावा.

चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम असावे असा नियम आहे. तपासणीत पिस्तूल ५०० ग्रॅमचे वजन चापावर उचलू शकले नाही तर अडचण येते, म्हणून प्रशिक्षकांकडून आधीच तपासून घ्यावे. हवेचे सिलिंडर भरलेले, छर्ऱ्यांचा जादा डबा, स्क्रू-ड्रायव्हर, पाणी, ओळखपत्र, अशी यादी मुलीनेच लिहावी आणि पिशवी तिनेच भरावी.

इतके करूनही काही बिघडू शकते. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन पदके मिळवणारी स्वातंत्र्यानंतरची ती पहिली भारतीय ठरली. टोकियोनंतर तिच्या घरच्यांनी 'बंद करू' म्हटले असते तर?

एक कळकळीची सूचना. घरात दादा-दादींच्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या असतात. त्यातल्या बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रोप्रानोलोल किंवा अटेनोलोल, हाताचा कंप आणि नाडी कमी होते. कोणी हितचिंतक 'अर्धी गोळी दे, हात कापणार नाही' असे सुचवू शकतो. या गोळ्या नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही पूर्ण निषिद्ध आहेत. आणि डॉक्टरांनी न सांगता मुलाला, त्यातून दम्याच्या मुलाला, देणे धोक्याचे आहे. मुलाला खरोखर अशी औषधे चालू असतील तर प्रशिक्षकांना आधीच सांगा.

खर्च आणि दहावी

स्पर्धेचे परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. पहिल्या वर्षी विकत घेण्याची गरज नाही. बहुतेक रेंजवर सरावाला पिस्तूल मिळते. जुने घ्यायचे झाले तर सिलिंडरवरची तारीख पाहा. सिलिंडरचे आयुष्य बनवल्यापासून १० वर्षे धरतात. मुदत संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरा. ४.५ मिलिमीटरच्या, ठरलेल्या ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ पिस्तुलाला लागतो.

दहावीच्या वर्षी रेंजच्या फेऱ्या कमी करा, पण घरातली वीस मिनिटे ठेवा. राज्य मंडळाच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचे नियम शाळेतून समजून घ्या, मात्र त्या गुणांसाठी खेळायला लावू नका.

आता अब्बांसाठी दोन शब्द. भाईजान, तुमची काळजी रास्त आहे. पैसा तुमचा जातो, वर्ष तिचे जाते. पण 'या स्पर्धेत काही झालं नाही तर बंद' हे वाक्य तिच्यासोबत रेंजवर जाते आणि हात वर असताना तिच्या कानात वाजते. ज्या मुलीला प्रत्येक छर्रा शेवटचा वाटतो, ती हात खाली कशी घेईल? चालू ठेवायचे की थांबवायचे, हे स्पर्धेच्या निकालावर न सोडता वर्ष संपल्यावर तिघांनी बसून ठरवा. तिची वही समोर ठेवा. नियमितपणा किती, शिस्त किती, अभ्यास किती, हे त्यात दिसेल. थांबवायचे ठरले तरी ते शांतपणे ठरलेले असेल.

आणि स्पर्धा संपवून ती बाहेर येईल तेव्हा "किती आले?" हे विचारू नका, आकडा पडद्यावर सगळ्यांनी पाहिलेलाच असतो. पाण्याची बाटली पुढे करा आणि विचारा, "आज कितीदा हात खाली घेतलास?"